मरायची हजेरी

पहाटे चारच्या सुमाराला नवशाचा दिवस सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधली रात्रपाळी त्या वेळी चहाला थांबायची, माग घटकाभर बंद पडायचे, आणि त्या शांततेनं त्याला जाग यायची. भिवंडीत राहणारा माणूस आवाजात झोपतो. आवाज थांबला की उठतो.

एवढ्या लवकर उठायचं ते गाडीसाठी. नवशा हातगाडी ओढायचा, पण गाडी त्याची नव्हती. राहनाळच्या केसरीनाथनं दहा-बारा हातगाड्या करून ठेवल्या होत्या आणि तो त्या दिवसाच्या भाड्यानं द्यायचा. त्यातल्या दोनच सरळ चालायच्या. बाकीच्या एका अंगाला ओढायच्या, आणि अशा गाडीवर दिवस काढला की संध्याकाळी माणूसही एका अंगानं चालायचा. जो आधी पोचेल त्याला सरळ गाडी. नवशा बहुतेक रोज आधी पोचायचा. पण आज पहिला आलो म्हणून उद्या झोपायला मिळत नाही, याचा त्याला वीट आला होता. त्याला स्वतःची गाडी हवी होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

काम कष्टाचं होतं, पण त्याला ते येत होतं. सायझिंगमध्ये सुताला खळ लावून ते मोठ्या लोखंडी रुळावर गुंडाळतात. त्या रुळाला बीम म्हणतात. भरलेले बीम सायझिंगमधून उचलायचे आणि गल्लीबोळांतून मागाच्या शेडपर्यंत पोचवायचे, हा त्याचा धंदा. बीम चढवताना तो जागा स्वतः दाखवायचा. वजन चाकाच्या जरा पुढं हवं. मागं गेलं की दांडी वर उठते, फार पुढं आलं की मनगटं जातात. नव्या गड्याला तो एवढंच सांगायचा, "जोर पायातून लाव. खांद्यानं ढकलतो तो दुपारी बसतो." याहून जास्त बोलायला त्याला वेळ नसायचा.

घरी बायको तुळजा, दोन पोरं आणि आई राहीबाई. यातली आई सांभाळणं बीमपेक्षा जड होतं.

राहीबाई गणेशपुरीकडच्या एका खेड्यातली. नवशाच्या आधी तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथ्या वेळी तिनं वज्रेश्वरीला नवस बोलला, पोर झाल्याबरोबर त्याचं नाक टोचलं, आणि नाव ठेवलं नवशा. तिथं थांबली असती तर बरं. पण तिनं एक नेमही करून घेतला. या पोराच्या नावापुढं 'मेला' हा शब्द कुणी लावायचा नाही. रागानं नाही, लाडानं नाही, खेळातसुद्धा नाही.

खेळातच तर अडचण होती. हुतूतूत बाद झालेल्या गड्याला मेला म्हणतात. नवशा सात-आठ वर्षांचा असताना कुणी पोरगा ओरडला, "नवशा मेला," आणि राहीबाई शेणानं भरलेल्या हातांनी डावात घुसली. तिनं त्या पोराला शब्द मागं घ्यायला लावला. पोरगा म्हणाला, "बरं, मेला न्हाय, पन बाहेर तरी बस." ती म्हणाली, बाहेर पण बसणार नाही. मग खेळच मोडला. पुढं त्याला कुणी डावात घेतलंच नाही. तो रेषेच्या कडेला बसून दुसऱ्यांचं मरण मोजायचा.

शिवाय हाक. राहीबाईनं हाक मारली की नवशानं ओ द्यायची. कुठंही असो, लगेच. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही तर ती धावत यायची. नवशा बत्तीस वर्षांचा झाला, मिशा आल्या, पोरं झाली, तरी चाळीतल्या संडासाच्या रांगेतून त्याला ओ द्यावी लागायची आणि रांगेतली माणसं हसायची.

त्र्याहत्तर साली दिवाळीनंतर मुंबईची सिनेमाची मंडळी वडप्याला आली. हायवेच्या बाजूला केसरीनाथचा एक बोडका डोंगर होता. गवताशिवाय त्यावर काही पिकत नसे. तो त्यानं मंडळींना भाड्यानं दिला. पिक्चर लढाईचं होतं. उंच बर्फातली एक चौकी, मूठभर जवान, खालून चढणारा शत्रू. जवानांना कुमक येत नाही, मागं हटायचा हुकूम पोचत नाही, आणि ते शेवटचा माणूस पडेपर्यंत जागा सोडत नाहीत.

बर्फ कुठून आणायचा, हा प्रश्न केसरीनाथनं सोडवला. मागांखाली कापसाचं तूस साठतं. पांढरं, हलकं, कुणाला नको असलेलं. शेडवाले ते फुकट न्या म्हणतात. केसरीनाथनं ते सिनेमावाल्यांना विकलं आणि पोचवायला नवशा आणि महादू यांना लावलं. महादूही हातगाडीवालाच, नवशाचा जोडीदार, तोंडानं सैल.

तुसाची पोती गाडीवर घराएवढी उंच दिसायची आणि वजनात काहीच नसायची. बघणाऱ्याला वाटायचं केवढं ओझं. नवशाला त्याची लाज वाटायची. तो मुद्दाम हळू चालायचा नाही. महादू चालायचा, आणि चढावर कण्हायचासुद्धा.

डोंगरावर खंदक खणायचं कामही त्यांनाच मिळालं. तिसऱ्या दिवशी बाली नावाचा असिस्टंट खंदकाच्या कडेला येऊन उभा राहिला. पंचविशीतला पंजाबी पोरगा, गळ्यात शिट्टी, आवाज बसलेला. त्यानं नवशाला वर बोलावलं, मागून-पुढून पाहिलं.

"फौजी बनेगा?"

"काम क्या करना पडेगा?"

"जो बोलूँ वो. बंदूक पकड़ना, दौड़ना, बैठना."

"और खंदक?"

"खंदक दूसरा खोदेगा."

हजेरी गाडीच्या रोजापेक्षा चांगली होती. फक्त पैसे शेवटचा सीन झाल्यावर एकदम मिळणार होते. अर्ध्यात माणसं पळतात, असा बालीचा अनुभव होता. नवशानं रात्री हिशेब केला. आठवडाभराची हजेरी आणि डब्यात साठलेलं मिळून गाडीची सुरुवात होत होती. त्यानं हो म्हटलं. महादूनंही म्हटलं, त्याला कुणी विचारलं नव्हतं तरी.

कामाचं स्वरूप नवशाला पटलं नाही. सकाळी लोकरीचे जाड कोट घालायचे, वडप्याच्या उन्हात थंडीनं कुडकुडायचं, लाकडी बंदूक धरून बसायचं. घाम आला की एकजण पुसायला यायचा, कारण बर्फात घाम येत नाही. मग दोन तास काहीच नाही. नवशाला रिकामं बसायची सवय नव्हती. तो मधेच उठून खंदकाची ढासळलेली कड नीट करायचा, आणि बाली ओरडायचा की ढासळलेलीच हवी आहे.

"साब, कुमक क्यों नहीं आता?" त्यानं एकदा विचारलं.

"आ गई तो पिक्चर खत्म."

"और आखिर में?"

"आखिर में सब शहीद. शनिवार को."

नवशानं हे ऐकून घेतलं आणि घरी काही सांगायचं नाही असं ठरवलं. ते महादूनं सांगितलं. संध्याकाळी राहीबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. हा समोर उकिडवा बसला.

"राहीमावशे, शनवारी आमी समदे मरनार हाव."

"तू मर. तुला कोन इचारतंय."

"मी एकटा न्हाय. तुजा नवशा पन. सायबाचा हुकूम हाय."

राहीबाईनं सूप खाली ठेवलं. नवशा घरी आला तेव्हा ती उभीच होती. तुळजा चुलीपाशी होती आणि मान वर करत नव्हती, त्यावरून नवशाला काय ते कळलं.

"आये, खोटा मरायचा हाय. पिक्चरमदी."

"मरन कदी खोटा असतंय?"

"बंदूक लाकडाची हाय."

"बंदूक लाकडाची. पडनार कोन? तूच ना? डोळे कोनाचे मिटनार?"

"घटकाभर."

"देवीला काय दिसतंय वरतून? तुजा बाली दिसतंय काय तिला? तिला दिसनार, नवशा पडलाय. ती बोलंल, ह्याची मुदत भरली वाटतं."

"आये, न्हाय मेलो तर आठवड्याची हजेरी जाते."

"जाऊ दे."

"मंग गाडी?"

"केसरीनाथाच्या हायेत की मायंदळ."

नवशा जेवला नाही. म्हातारीवर रागावून उपयोग नव्हता. ती ऐकायची, मान हलवायची, आणि पुन्हा तेच बोलायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं बालीला गाठलं आणि सांगितलं, मी मरणार नाही. बाकी काय ते सांगा. उलटा टांगा.

बालीनं कपाळाला हात लावला. "इतने दिन से कैमरे में तू दिख रहा है. पूरी चौकी शहीद होती है. लाशों में तू नहीं दिखा तो पब्लिक क्या पूछेगी? वो लंबा वाला कहाँ गया?"

"कहाँ गया बोलेगी?"

"भाग गया, और क्या."

हे नवशाला लागलं. त्यानं आजवर अर्ध्या वाटेत गाडी सोडली नव्हती. एकदा वंजारपट्टी नाक्यावर चाक निखळलं, तर दुसरा माणूस येईपर्यंत त्यानं बीमला पाठ लावून धरली होती. आणि आता भिवंडीच्या टॉकीजमध्ये लोक त्याला पळालेला समजणार. त्यानं हे घरी येऊन आईला सांगितलं. निदान हे तरी तिला कळेल, असं त्याला वाटलं.

"पळाला तं पळाला," राहीबाई म्हणाली. "जिता हाय ना?"

"आये, लोकं पळपुटा बोलतील."

"बोलू दे. पळपुट्याला म्हातारपन येतंय."

महादू दारातच होता. तो इतका हसला की तुळजानं त्याला चहा न देता वाटेला लावलं.

शुक्रवारी केसरीनाथनंही हात पाठीवर ठेवला. "नवशा, सोड तो नाद. आईचा जीव मोठा. माझी सरळ गाडी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवीन, मग तर झालं?" इतक्या वर्षांत केसरीनाथनं कुणासाठी काही बाजूला काढून ठेवलं नव्हतं. भाड्याचा एक गडी कमी होईल ही त्याची काळजी होती. नवशानं ते ओळखलं, आणि आता मरायचंच असं मनाशी घेतलं. फक्त कसं, ते त्याला कळत नव्हतं.

ते तुळजानं काढलं. रात्री भांडी घासताना ती सासूला सहज बोलावं तसं म्हणाली, "आत्या, मेलेला मानूस ओ देतंय काय?"

"न्हाय देत."

"मंग हाक मारली न् ह्यांनी ओ दिली, तर ते मेलं कसं होतील?"

राहीबाईनं हातातली तपकीर ओढली, शिंकली, पदरानं नाक पुसलं.

"देवीला ऐकू जाईल?"

"तुमची हाक संडासापर्यंत जाते, देवीपर्यंत न्हाय जानार?"

"मी येनार," राहीबाई म्हणाली. "मी हाक मारनार. त्यानं ओ द्यायची."

नवशानं भिंतीकडे तोंड केलं. मेलेल्या जवानाला आईची हाक, आणि त्यावर ओ. त्याला हसावं की रडावं कळेना. पण वाट होती ती हीच.

शनिवारी राहीबाई पोराच्या मागून चढावर आली, एकदाही न बसता. कॅमेऱ्याच्या मागं सावलीत तिला जागा दिली. बालीला नवशानं सगळं सांगितलं. बाली थकलेला होता. तो म्हणाला, आवाजाची चिंता नाही, आवाज मुंबईत वेगळा भरतात. म्हातारीला काय ओरडायचं ते ओरडू दे.

शिट्टी वाजली. धुराचे बाण सुटले, फटाके फुटले, खालून शत्रू चढले. शत्रूंमध्ये निम्मे वडप्याचे होते. नवशा उठला, बंदूक रोखली, छाती धरली, आणि उताणा पडला. चांगला पडला. इतके दिवस बघून बघून त्याला पडणंही आलं होतं.

"नवशाऽ," राहीबाईनं हाक मारली.

"ओ," नवशा म्हणाला, आणि मान वर केली.

"कट," बाली किंचाळला. "सिर क्यों उठाया?"

"आदत है साब."

तूस पुन्हा पसरलं. फटाके पुन्हा लावले. नवशा पुन्हा पडला. हाक आली, ओ गेली, मान उठली. बत्तीस वर्षांची सवय मानेत बसली होती, तिला सांगून उपयोग नव्हता. बालीचा उरलेला आवाजही गेला. सूर्य डोंगराच्या पाठीवर टेकायला आला होता आणि फटाके एकाच खेपेपुरते राहिले होते. आता नाही झालं, तर तुला वगळून घेतो, बाली म्हणाला. पैसे नाहीत आणि लाशही नाही.

तेव्हा नवशानं स्वतःच सांगितलं, मी पालथा पडतो. मान उचलायला जागाच ठेवत नाही.

तो पालथा पडला. तोंड तुसात, एक हात खंदकाच्या कडेवर, दुसरा अंगाखाली. शेजारी महादू आडवा. वरून कॅमेरा रुळांवरून सरकत सगळ्या मेलेल्यांवरून जाणार होता. ढकलणारे दोघे चांगले होते, घाई करत नव्हते. घाई करत नव्हते म्हणूनच वेळ लागत होता.

"नवशाऽ."

"ओ."

तूस तोंडात गेलं. आठ दिवस तो समजत होता की पडून राहणं हे काम नव्हे, त्याची हजेरी घेताना मान खाली जाईल. आता त्याला कळलं. हात जिथं पडला तिथं ठेवायचा. नाकात धागा गेला तरी शिंकायचं नाही. श्वास असा घ्यायचा की पाठ हलू नये. बीम ओढताना निदान दम लागला तर लागू द्यायची मुभा असते.

"नवशाऽ."

"ओ."

महादूचं पोट हलायला लागलं. त्याच्या पलीकडच्याचंही.

"मुर्दे हँस क्यों रहे हैं?" बाली बसलेल्या आवाजात म्हणाला. "हँसना बंद."

कॅमेरा महादूच्या पायांपाशी आला. राहीबाईनं तिसरी हाक मारली. नवशानं तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. घशात तुसाचा गोळा बसला होता. खोकला तर पाठ उडणार, पाठ उडली तर आठवडा गेला, गाडी गेली. त्यानं ओठ घट्ट मिटले.

"नवशाऽ," राहीबाई पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज वेगळा होता.

महादू मेल्या मेल्या, ओठ न हलवता म्हणाला, "ओ."

"तू न्हाय रं मेल्या," राहीबाई म्हणाली. "माजा कुठंय?"

ती उठली. दोघांनी तिला धरलं, तिनं हात हिसकावले. बाली आडवा आला. तिच्या चपलेखाली खडी वाजली ती नवशाला जमिनीतून ऐकू आली. म्हातारी धावत येणार हे त्याला ठाऊक होतं, तिसऱ्या हाकेनंतर ती नेहमीच धावत यायची. रूळ त्याच्या डोक्याशी किरकिरले, कॅमेरा कंबरेपाशी आला, पायांपाशी गेला. तो हलला नाही. छातीत आग पडली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी पाठ त्यानं दगडासारखी ठेवली.

"कट."

नवशा गुडघ्यावर उठला आणि खोकला. इतका खोकला की शत्रूकडची माणसं बघायला आली. राहीबाई पोचली तेव्हा त्याचं तोंड पांढरं होतं, मिशीला कापूस लागलेला. ती त्याच्या तोंडात बोट घालून तूस काढायला लागली, लहान पोराच्या तोंडातून माती काढतात तसं.

"ओ," तो म्हणाला. "ओ, ओ, ओ. झाला समाधान?"

"येळ केलास," राहीबाई म्हणाली.

"मेलो व्हतो ना."

तिनं त्याच्या तोंडावर चापट मारली. जोरात नाही, पण सगळ्या पलटणीसमोर.

पैसे त्याच संध्याकाळी मिळाले. बाली म्हणाला, बाकीचे पडून राहिले, हा एकटा मेला. नवशानं हे घरी सांगितलं नाही. महादूला मात्र बजावलं, की सांगितलंस तर खरंच मरशील.

पिक्चर पुढच्या वर्षी भिवंडीत लागलं. तुळजा पोरांना घेऊन गेली. कोटाची पाठ ओळखू आली म्हणाली. राहीबाई गेली नाही. "मी खरा बघितलाय," ती म्हणाली, "खोटा कशाला बघू?"

त्या हजेरीतला पहिला पैसा खोकल्याच्या औषधाला गेला. तूस छातीत उतरलं होतं, ते निघायला पंधरवडा लागला, आणि तेवढे दिवस नवशा बीम ओढू शकला नाही, घर डब्यातल्या पैशांवर चाललं. उरलेल्यात अख्खी गाडी होणार नव्हती. लाकूड पुढं बघू, असं त्यानं ठरवलं. जुन्या लोखंडाच्या दुकानात तो सकाळपासून दुपारपर्यंत बसला. एकेक चाक त्यानं सपाट फरशीवर एकटं सोडून पाहिलं. जी एका अंगाला कलली ती परत ठेवली. दुकानदार वैतागला, तरी तो उठला नाही. शेवटी त्यानं दोन चाकं काढली, सरळ जाणारी, आणि त्यांना बसणारा एक लोखंडी आस. एवढ्यातच सगळे पैसे संपले.